नाही म्हणता न येणाऱ्याचा होकार

उत्तर महाराष्ट्रातील एका शहरातून एका वाचकाचे सविस्तर पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा. पत्रलेखक ३३ वर्षांचे, विवाहित, एका मुलाचे वडील आणि छोटे व्यावसायिक आहेत. त्यांचे वडील ६१ वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक असून दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे गेले आठ महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर आहेत. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा सल्ला दिला आहे. आईला मधुमेह असल्याने तिचे मूत्रपिंड चालणार नाही. वडिलांचा रक्तगट ‘बी’ आणि धाकट्या बहिणीचा ‘ए’, त्यामुळे तेही जुळत नाही. पत्रलेखकाचा रक्तगट जुळतो, परंतु ‘घरात कमावता तू एकटा, उद्या तुला काही झाले तर?’ असे म्हणून आईने तो विषयच बंद केला आहे. अशात नऊ वर्षे त्यांची गाडी चालवणारा २९ वर्षांचा ड्रायव्हर ‘सरांसाठी मी देतो’ म्हणाला. त्याचाही रक्तगट ‘बी’ आहे. त्याच्यावर एका खासगी सावकाराचे चार लाखांचे कर्ज आहे. ते फेडायचे आणि वर दोन लाख द्यायचे, असे घरात ठरले आहे. वडिलांना पैशांची कल्पना दिलेली नाही. डायलिसिस केंद्राबाहेर भेटलेल्या एका गृहस्थाने ‘फाइल पास करून देण्याचे’ दीड लाख मागितले असून ड्रायव्हर हा घरातला ‘मानलेला मुलगा’ आहे अशी प्रतिज्ञापत्रे तो तयार करतो आहे. त्यासाठी त्याने ड्रायव्हरच्या आधार कार्डाच्या आणि रेशनकार्डाच्या प्रती नेल्या आहेत, शिवाय वेगवेगळे कपडे घालायला लावून वडिलांबरोबर त्याचे ‘जुने’ फोटोही काढून घेतले आहेत. पत्रलेखक विचारतात: ‘तो स्वखुशीने देतो आहे, आम्ही त्याला कर्जातून सोडवतो आहोत, वडील वाचणार आहेत. यात नुकसान कोणाचे? अवयवांच्या तस्करीचा कायदा टोळ्यांसाठी असेल, आमच्यासारख्या सरळ माणसांना तो आडवा का यावा?’

सप्रेम नमस्कार.

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार-चार तास आपल्या माणसाला यंत्राला जोडलेले पाहणे काय असते, हे ज्यांच्या घरात घडलेले नाही त्यांनी तुम्हाला सल्ला देताना जपून बोलायला हवे, याची मला जाणीव आहे. तरीही तुमच्या प्रश्नाचे उत्तर आडवळणाने देणे योग्य होणार नाही. ज्याला तुम्ही मदत म्हणता तो कायद्याच्या दृष्टीने अवयवाचा सौदा आहे, त्या सौद्याची काही पावले तुम्ही आधीच टाकलेली आहेत आणि आहे तिथेच तुम्ही थांबायला हवे. आता तुमच्या प्रश्नात जे गृहीत धरलेले आहे, त्याकडे वळते.

पहिले गृहीत असे की हा कायदा टोळ्यांसाठी आहे. १९८० च्या दशकात मुंबई, चेन्नई, बेंगळुरू अशा शहरांत मूत्रपिंडांचा उघड बाजार भरला होता आणि परदेशातून रुग्ण येऊन इथल्या गरिबांची मूत्रपिंडे विकत घेत होते. त्या पार्श्वभूमीवर संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने आधी काही राज्यांनी तसा ठराव करणे आवश्यक होते, आणि तो करणाऱ्या पहिल्या तीन राज्यांत हिमाचल प्रदेशाबरोबर महाराष्ट्र आणि गोवा ही आपली दोन्ही राज्ये होती. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो आपल्याकडे लागू आहे. मात्र या कायद्यात टोळीची व्याख्या शोधायला गेलात तर हाती फारसे काही लागणार नाही, कारण तो माणसांची वर्गवारी करीत बसत नाही, कृत्यांकडे पाहतो. कलम १९ मध्ये ही कृत्ये एकेक करून सांगितली आहेत: अवयवासाठी पैसे देणे किंवा घेणे, पैशांच्या मोबदल्यात अवयव देणारा शोधणे, तसा अवयव देऊ करणे, अशा व्यवहाराची बोलणी सुरू करणे किंवा पुढे नेणे, त्याची जाहिरात करणे. २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आणखी एका कृत्याची भर पडली. दाता हा जवळचा नातेवाईक आहे किंवा स्नेहापोटी दान करतो आहे असे भासवण्यासाठी खोटी कागदपत्रे, खोटी प्रतिज्ञापत्रे तयार करण्यास वा सादर करण्यास मदत करणे हाही त्याच कलमाखालचा गुन्हा झाला. तुमचे पत्र आणि हे कलम शेजारी ठेवून वाचले, तेव्हा पत्रातला जवळजवळ प्रत्येक परिच्छेद त्यातल्या कुठल्या ना कुठल्या खंडात जाऊन बसतो आहे, असे मला दिसले.

शिक्षाही नाममात्र राहिलेली नाही. मूळ कायद्यात अशा व्यवहाराला दोन ते सात वर्षे कैद आणि दहा ते वीस हजार रुपये दंड होता. १० जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर ती किमान पाच आणि कमाल दहा वर्षे कैद आणि किमान वीस लाख ते एक कोटी रुपये दंड इतकी झाली आहे. शिवाय पैसे देणारा जसा गुन्हेगार ठरतो तसा घेणाराही ठरतो, म्हणजे प्रकरण बाहेर आले तर ज्याला कर्जातून सोडवायचे म्हणता तो तरुणही तुमच्या शेजारीच उभा असेल. नडलेल्या माणसालाही त्याच मापाने मोजणे मला व्यक्तिशः कठोर वाटते आणि या बाबतीत कायद्याने काही फरक करायला हवा होता असे माझे मत आहे. परंतु आज कायदा असा आहे, आणि वकील लावण्याची ऐपत तुम्हा दोघांपैकी एकाचीच आहे.

अवयवांची तस्करी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पळवून नेलेली मुले, गुंगीचे औषध आणि पाठीवर टाके घेऊन जागा झालेला प्रवासी असे काहीतरी येते. जबरदस्तीचे प्रकार घडतच नाहीत असे नाही. मानवी तस्करीच्या गुन्ह्यात ‘अवयव बळजबरीने काढणे’ याचा समावेश भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे, आणि तिथे पीडिताची संमती होती हा बचाव चालत नाही. पण आपल्या राज्यात गाजलेली प्रकरणे पाहिली तर गुन्ह्याचे मुख्य हत्यार स्टॅम्प पेपर असते. २०१६ मध्ये मुंबईत पवईच्या एका रुग्णालयात रुग्णाची पत्नी म्हणून भलत्याच स्त्रीला दाता दाखवल्याचे ऐनवेळी उघड झाले, शस्त्रक्रिया थांबवावी लागली आणि पुढे डॉक्टरांपर्यंत अटका झाल्या. २०२२ मध्ये पुण्यात कोल्हापूरकडच्या एका महिलेला पंधरा लाखांचे आमिष दाखवून अशीच तोतया पत्नी बनवल्याचे समोर आले, तेही तिला ठरलेले पैसे न मिळाल्यामुळे तिनेच तक्रार केली म्हणून. दोन्हीकडे रुग्ण खरोखरच आजारी होते आणि त्यांचे कुटुंबीय, माझा अंदाज आहे, तुमच्यासारखेच हतबल होते.

आता ‘मानलेल्या मुला’विषयी. कायद्यातील जवळच्या नातेवाइकांची यादी छोटी आहे: पती किंवा पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडे. सून, जावई, काका, मामा, मावसभाऊ हे आपल्या दृष्टीने कितीही जवळचे असले तरी त्या यादीत येत नाहीत. यादीबाहेरच्या माणसाला दान करायचे असेल तर ते ‘स्नेह, जिव्हाळा किंवा अन्य विशेष कारणा’पोटी असले पाहिजे आणि त्याला प्राधिकार समितीची पूर्वमान्यता लागते. त्या गृहस्थाने तुम्हाला ही समिती म्हणजे चार सह्यांचा मामला आहे असे भासवले असावे. २०१४ च्या नियमांनुसार समितीने पाहायचे असते ते असे: दाता आणि रुग्ण यांचा संबंध कसा आला, दात्याला दान का करायचे आहे, दोघांचे एकत्र असलेले जुने फोटो आणि इतर पुरावे काय सांगतात, मधे कोणी दलाल आहे का, दोघांचा व्यवसाय आणि मागील तीन आर्थिक वर्षांचे उत्पन्न काय आहे. दोघांच्या सांपत्तिक स्थितीत ठळक तफावत असेल तर तिच्याकडे व्यापारी व्यवहाराच्या संशयाने पाहावे, असे नियमांतच म्हटले आहे. दात्याच्या घरच्या माणसांनाही बोलावून त्यांना हे माहीत आहे का आणि त्यांचा विरोध आहे का, याची नोंद करायची असते. मुलाखतीचे चित्रीकरण होते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कुलदीप सिंग विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात स्पष्ट केले आहे की व्यवहारात पैसा नाही आणि दानामागे खरोखर जिव्हाळा आहे, हे दाखवून देण्याची जबाबदारी अर्जदारांवर असते. मालक आणि त्याचा कर्जबाजारी ड्रायव्हर ही जोडी समितीच्या दृष्टीने काही नवी नाही. असल्या जोड्या ओळखण्यासाठीच हे नियम लिहिले गेले आहेत.

त्या खोलीत तुमचे वडीलही बसलेले असतील. ‘दात्याला काही देण्याचे ठरले आहे का?’ असे त्यांना कॅमेऱ्यासमोर विचारले जाईल आणि ते, माहीत नसल्यामुळे, प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतील. आयुष्यभर मुलांकडून खरे बोलण्याची अपेक्षा धरणाऱ्या माणसाच्या तोंडून तुम्ही त्यांच्या नकळत खोटे वदवून घेणार आहात. पैशांची गोष्ट त्यांच्यापासून का लपवली, याचा विचार शांतपणे करा. व्यवहारात काही गैर नाही अशी तुमची खात्री असती, तर ती लपवण्याची गरज पडली नसती. कळल्यावर ते नकार देतील, हे तुम्हाला मनातून माहीत आहे असे मला वाटते. ज्यांच्या शरीरात ते मूत्रपिंड बसवायचे आहे त्यांनाच त्याची किंमत न सांगणे हा त्यांच्यावरचाही अन्याय आहे.

यानंतरचा शब्द ‘स्वखुशी’. माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड शब्द हाच आहे. ‘सरांसाठी मी देतो’ असे तो म्हणाला, ते सावकाराचा विषय निघण्याआधी की निघाल्यानंतर? त्याचा रक्तगट कोणी तपासून घेतला, आणि तपासणीला नेताना त्याला काय सांगितले होते? त्याच्या बायकोला हे ठाऊक आहे का? उद्या त्याचे मन बदलले तर त्याची नोकरी राहील याची त्याला खात्री आहे का, आणि ती खात्री कोणी, कोणत्या शब्दांत दिली आहे? या प्रश्नांची उत्तरे पत्रात नाहीत आणि मी ती गृहीतही धरणार नाही. कदाचित त्याचा जिव्हाळा पूर्णपणे खरा असेल. नऊ वर्षांत माणूस घरचा होतो, हे मी नाकारत नाही. परंतु ज्याचा पगार आपण देतो आणि ज्याच्या गळ्याशी सावकार आलेला आहे, त्याच्या होकारातून जिव्हाळा किती आणि नड किती हे निवडून काढणे त्याचे त्यालाही जमणार नाही, मग तुम्हाआम्हाला कुठून जमणार? कायदा दात्याला शस्त्रक्रियेच्या क्षणापर्यंत माघार घेण्याची मुभा देतो, पण ती मुभा वापरण्यासाठी समोरच्याला नाही म्हणण्याची सोय असावी लागते. मालकाला, त्याच्याच घरात, त्याचे वडील आजारी असताना, कर्ज फेडण्याचा शब्द मिळाल्यानंतर कोण नाही म्हणणार?

कर्जातून सुटण्यासाठी मूत्रपिंड विकणाऱ्यांचे पुढे काय होते, याचे एक नीट केलेले सर्वेक्षण उपलब्ध आहे. २००१ मध्ये चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांशी संशोधक बोलले आणि त्यांचे निष्कर्ष २००२ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांच्यापैकी ९६ टक्क्यांनी कर्ज फेडण्यासाठीच मूत्रपिंड विकले होते. सरासरी १४१० डॉलर कबूल झाले होते, हाती आले १०७०. विक्रीला सरासरी सहा वर्षे लोटल्यानंतर त्यांच्या कुटुंबांचे उत्पन्न वाढण्याऐवजी सुमारे एक-तृतीयांशाने घटलेले होते, आणि चारांतले जवळपास तिघे अजूनही कर्जातच होते. ८६ टक्क्यांनी शस्त्रक्रियेनंतर प्रकृती खालावल्याचे सांगितले, आणि अशाच अडचणीतल्या दुसऱ्या कोणाला हा मार्ग सुचवाल का, असे विचारल्यावर ७९ टक्के लोक नाही म्हणाले. ही आकडेवारी जुनी आहे, पण तिच्यामागची कारणे जुनी झालेली नाहीत. अंगमेहनतीवर जगणाऱ्याला महिना-दीड महिना घरी बसणे परवडत नाही, दुखणे अंगावर काढले जाते, वर्षातून एकदा करायच्या तपासण्या कोणी करत नाही आणि ज्या कारणाने पहिले कर्ज झाले ते कारण घरात तसेच असते.

याउलट, योग्य तपासणी आणि पुढची देखरेख मिळालेल्या दात्यांची स्थिती बरीच चांगली असते. अमेरिकेत ८० हजारांहून अधिक जिवंत दात्यांच्या नोंदींवरून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण दर दहा हजारांमागे तीन इतके आढळले. हा आकडा मी मुद्दाम देते आहे, कारण तुमच्या पत्रातल्या एका विसंगतीपाशी तो मला घेऊन जातो. मूत्रपिंड देणे तुमच्यासाठी इतके धोक्याचे आहे की तुमच्या आईने त्यावर बोलायचेही नाही असे ठरवले आहे, आणि तेच देणे ड्रायव्हरसाठी इतके साधे आहे की ‘नुकसान कोणाचे?’ असा प्रश्न तुम्हाला पडतो. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. ‘घरात कमावता तू एकटा’ हे आईचे वाक्य घ्या आणि ते त्या तरुणाच्या घरात, त्याच्या आईच्या तोंडी ठेवून पाहा. त्यातला एकही शब्द बदलावा लागत नाही. उलट तुमच्याकडे विमा, बचत आणि काही दिवस सांभाळून घेणारा व्यवसाय तरी असेल, त्याच्याकडे त्यातले काहीही नाही. तुम्ही निष्ठुर आहात असे मी म्हणत नाही. आपल्या माणसाच्या जिवाची भीती आपल्याला मोठी दिसते आणि दुसऱ्याच्या माणसाची दिसतच नाही, हे बहुतेक घरांत होते. फक्त तुमच्या घरात आता त्याची प्रतिज्ञापत्रे होऊ लागली आहेत.

याचा अर्थ मूत्रपिंड तुम्हीच दिले पाहिजे असा कृपया काढू नका. मुलगा आहे म्हणून दान करण्याचे बंधन ना कायद्यात आहे ना, माझ्या मते, नीतीत. तुम्हाला स्वतःला भीती वाटत असेल आणि आईच्या विरोधाआड तुम्ही ती ठेवली असेल, तर त्यातही लाज वाटण्यासारखे काही नाही. पण तो निर्णय माहितीवर घ्या. मूत्रपिंडविकारतज्ज्ञांकडे दाता म्हणून प्राथमिक तपासणी करून घ्या आणि त्यांच्याशी एकट्याने बोला. चांगल्या प्रत्यारोपण केंद्रात दात्याशी स्वतंत्र बोलण्याची पद्धत असते आणि तिथे सांगितलेली गोष्ट घरच्यांच्या कानावर जात नाही. आईला मधुमेह असल्याने तुमच्या भावी धोक्याचाही विचार डॉक्टर करतील, आणि कदाचित तेच तुम्हाला नको म्हणतील. त्या वेळी तो वैद्यकीय निर्णय असेल, घरातला न बोलता घेतलेला निर्णय नसेल. ही चर्चा होताना तुमच्या पत्नीला स्वयंपाकघरात ठेवू नका. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख फक्त ‘विवाहित’ या शब्दापुरता आहे.

तुमच्या बहिणीचे नाव तुम्ही एका ओळीत खोडून टाकले आहे, ते मात्र घाईचे झाले. तिचा गट ‘ए’ आणि वडिलांचा ‘बी’. जगात कुठेतरी, कदाचित तुमच्याच जिल्ह्यात, एखादे कुटुंब असे असेल की जिथे रुग्ण ‘ए’ गटाचा आणि द्यायला तयार असलेली त्याची पत्नी किंवा आई ‘बी’ गटाची आहे. अशा दोन जोड्यांनी परस्परांच्या रुग्णाला मूत्रपिंड देण्याला २०११ च्या दुरुस्तीने कायदेशीर मान्यता दिली आहे. त्याला अदलाबदल किंवा ‘स्वॅप’ प्रत्यारोपण म्हणतात, आणि ‘ए’ व ‘बी’ गटांच्या जोड्या त्यासाठी सर्वांत सोयीच्या असतात. दोन्ही दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईक असावे लागतात, प्राधिकार समितीची मान्यता लागते आणि पैशांचा संबंध अर्थातच चालत नाही. रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाला अशा जोड्यांच्या यादीविषयी स्पष्टपणे विचारा, कारण तुम्ही विचारले नाही तर कोणी आपणहून सांगेलच असे नाही. रक्तगट न जुळताही काही केंद्रांत विशेष उपचारांनंतर प्रत्यारोपण करतात, फक्त त्याचा खर्च आणि जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. एक काळजी इथेही घ्यावी लागेल. बहीण तयार असेल तर ती खरोखर तयार आहे का, हे तिला एकटीला विचारा. दाता स्त्री असेल तेव्हा तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती यांची रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून खात्री करून घ्यावी, असे नियमांत वेगळे लिहावे लागले आहे. आपल्या घरांमध्ये मूत्रपिंड बहुतेक वेळा कोण देते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे कारण सांगायला नको.

दरम्यान, मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या मूत्रपिंडासाठी वडिलांचे नाव नोंदवले आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत आणि प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फत त्यांच्या प्रतीक्षायादीत नाव जाते. प्रतीक्षा मोठी असते, पण नाव घातल्याशिवाय ती सुरूही होत नाही आणि आठ महिने तुमच्या हातून तसेच गेले आहेत. तोवर डायलिसिस अधिक सुसह्य करण्याचे मार्ग आहेत. घरी करता येणारे, पोटातून होणारे डायलिसिस वडिलांना चालेल का, हे विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाचाही समावेश आहे, तेव्हा खर्चाचा अंदाज बांधण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. आणि कोणाचेही मूत्रपिंड मिळाले तरी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वडिलांना जन्मभर घ्यावी लागतील आणि ते मूत्रपिंडही कायमचे टिकेलच असे नाही, हे घरात सगळ्यांना कळू द्या. ‘एकदाचे होऊन जाऊ दे’ या घाईतूनच दलालांचे पोट भरते.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी थोडे विषयांतर करते. सून सासऱ्याला किंवा मित्र मित्राला खरोखर जिव्हाळ्याने मूत्रपिंड देऊ इच्छितो, अशी उदाहरणे असतात आणि कायदा त्यांचा रस्ता बंद करत नाही. त्यांनी समितीला घाबरण्याचे कारण नाही, फक्त खरे ते खरे सांगावे आणि कागद स्वतः जमवावेत. अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांत शासनाकडे अपील करता येते. कायद्यातील ‘मोबदला’ या शब्दाच्या व्याख्येतून दोन गोष्टी वगळलेल्या आहेत, त्या बऱ्याच जणांना माहीत नसतात: अवयव काढणे, नेणे आणि जतन करणे यांचा खर्च, आणि दानामुळे दात्याला थेट झालेला वाजवी खर्च व बुडालेली कमाई. म्हणजे दान करणाऱ्या मित्राचा दीड महिन्याचा बुडालेला पगार आणि रुग्णालयात येण्याजाण्याचे भाडे उघडपणे, पावत्यांसह भरून देता येते. चार लाखांचे सावकारी कर्ज त्या व्याख्येत कोणत्याही ओढाताणीने बसत नाही.

पुन्हा तुमच्याकडे. त्या तरुणाशी तुम्ही स्वतः बोला, आईला किंवा मुकादमाला पुढे करू नका. वडिलांसाठी त्याचे मूत्रपिंड घ्यायचे नाही असे घराने ठरवले आहे आणि त्याची नोकरी, पगार, सणाची उचल यांत काहीही बदल होणार नाही, हे त्याला त्याच्या बायकोसमोर सांगा. त्याचे कर्ज हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि नऊ वर्षांच्या नात्याला स्मरून तुम्हाला मदत करायची असेल, तर ती करण्यासाठी त्याच्या शरीरातले काही मागण्याची गरज नाही. आधी त्या सावकाराकडे परवाना आहे का ते पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. चार लाखांत मुद्दल किती आणि व्याजावरचे व्याज किती, हे एकदा कागदावर मांडले तर आकडा बराच खाली येण्याची शक्यता असते. त्याला तक्रारीला सोबत करा, वाटल्यास पगारातून फिटेल असे बिनव्याजी पैसे द्या.

वडिलांना सगळे सांगा, फोटो कशासाठी काढले होते तेही. ते रागावतील. हा राग तुम्हाला सोसावा लागेल.

राहिला तो गृहस्थ. त्याला पैसे दिले असतील तर ते बुडाले असे समजा, पुढचा एक रुपयाही देऊ नका आणि फोनवर त्याच्याशी वाद घालत बसू नका. कोणतीही तक्रार करण्यापूर्वी फौजदारी काम पाहणाऱ्या वकिलाला सर्व हकिगत जशीच्या तशी सांगा, कारण बोलणी करण्यापर्यंतचा गुन्हा तुमच्याही खात्यावर मांडला जाऊ शकतो आणि आधीच मागे फिरलेल्या माणसाची बाजू नीट मांडली जाणे महत्त्वाचे आहे. या कायद्याखाली न्यायालय थेट दखल घेत नाही. एकतर समुचित प्राधिकाऱ्याने, म्हणजे हा कायदा राबवण्यासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याने, तक्रार करावी लागते, नाहीतर सामान्य नागरिकाने त्या प्राधिकाऱ्याला किमान ६० दिवसांची नोटीस देऊन मग न्यायालयात जावे लागते. ही नोटीस कशी द्यायची ते वकील सांगतील. मात्र एका कामासाठी वकिलाच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ड्रायव्हरच्या आधार कार्डाच्या आणि रेशनकार्डाच्या प्रती आणि ते फोटो त्या गृहस्थाकडे आहेत. ज्याच्या धंद्यातच खोटी नाती लावली जातात, त्याच्या पिशवीत ‘बी’ गटाच्या निरोगी तरुणाची कागदपत्रे पडून राहणे धोक्याचे आहे. त्या प्रती लेखी मागून घ्या आणि त्या परत मिळोत वा न मिळोत, आपली कागदपत्रे अमुक कारणासाठी अमुक व्यक्तीने नेली असून त्यांच्या वापराला आपली संमती नाही, असा अर्ज त्या तरुणाने आपल्या सहीने पोलीस ठाण्यात द्यावा. अर्जाचा मसुदा तेवढा वकिलाकडून फोनवर विचारून घ्या, आणि ठाण्यात त्याच्याबरोबर तुम्ही जा. पोचपावतीची एक प्रत त्याच्याकडे आणि एक तुमच्याकडे असू द्या.